हुमिशाचा शेवटचा घाव

जावयाला आपल्यापाशी ठेवून घ्यायचं असेल तर सासूने दोन गोष्टी कराव्यात: त्याचं पोट भरावं आणि आपलं तोंड आवरावं. पहिली मला झकास जमते. दुसरी जन्मात जमली नाही, आणि यंदाचा सगळा घोळ त्यामुळेच झाला.

मी एर्मेलिंदा. जंगलात नदीकाठी वसलेल्या इकितोस शहराच्या पुंचाना भागात माझं घर आहे, आणि घराच्या पडवीत मी अग्वाखेच्या फळाचं सरबत विकते. माझी लेक नोरिथ, तिचा नवरा रेनान आणि त्यांची पाच वर्षांची आबी माझ्याजवळच राहायची. रेनान समुद्रकाठचा, कान्येतेचा. हवाई दलात कॅप्टन होता. त्याच्या विमानाला चाकांऐवजी दोन होड्या होत्या. नदीवरून उडायचं, नदीवरच उतरायचं. तिकडे वर पुतुमायोच्या काठाला, जिथे रस्ता म्हणून नाही, तिथे औषधं, मास्तर, मतपेट्या, अडलेल्या बाळंतिणी, सगळं हाच न्यायचा आणि आणायचा. एकदा एका मास्तरणीचं डुकराचं पिल्लू आणलं, तर आठ दिवस युनिफॉर्मला वास येत होता. धुतला कोणी? मी.

पहिल्यांदा तो घरी आला तेव्हा मी नोरिथला म्हटलं होतं, "हे काडीपैलवान कुठून पकडून आणलंस?" आता कोणी त्याला काडीपैलवान म्हणून बघू दे, जीभ हासडून हातात देईन.

तर जानेवारीत एका दुपारी जेवताना तो म्हणाला, "सासूबाई, लिमाच्या विमान कंपनीने बोलावलंय. माझा हवाई दलाचा करार मार्चमध्ये संपतो. ठरलं तर आम्ही तिघं तिकडे जाऊ."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. म्हटलं, "तिघं? आणि मी काय भिंतीवरचं कॅलेंडर आहे?"

"तुम्हीही चला ना. किती वेळा सांगितलं."

"लिमाला? तिथे ना नदी, ना पाऊस. नुसतं धुकं, आणि केळं विकत घ्यायला टोपीवाला रखवालदार उभा असलेल्या दुकानात जायचं! मला पुरा इथेच."

रागावले की मी त्याला अहो-जाहो करते. म्हटलं, "कॅप्टनसाहेब, तुम्ही खुशाल जा. आबीचा पहिला दुधाचा दात इथे पडला, बाकीचे तिकडे पाडा."

तो पानावर मान घालून बसला आणि, मी खरं सांगते, घास हातात असताना डुलकी मारली त्याने. मला वाटलं, सोंग घेतोय. अस्सा संताप आला मला!

नोरिथला स्वयंपाकघरात गाठलं. "तुला जायचंय?"

"आई, पगारात महिना निघत नाही. हुद्दा वाढायचा तर वरच्या जागाच नाहीत. त्याच्या बरोबरीचे सगळे गेले. तोच एकटा नदी-नदी करत बसलाय."

"मी विचारलं, तुला जायचंय का?"

तिने भांडी जोरात घासायला घेतली. माझीच लेक, उत्तर द्यायचं नसलं की भांड्यांवर राग.

दोन दिवसांनी दारात कमांडर लोआयसा उभे. हे रेनानचे वरिष्ठ, तळाचे प्रमुख. रुबाबदार माणूस, पण त्या दिवशी चेहरा उतरलेला. मी शेंगदाण्याच्या रश्शातली कोंबडी वाढली. पहिली वाटी त्यांनी पुसून संपवली.

मग म्हणाले, "दोन्या एर्मेलिंदा, मला वाचवा." दोन्या म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब.

"काय झालं?"

"नदीवर उतरणारा पायलट घडवायला वर्षं जातात. पाण्यात ओंडका आहे की सावली, हे शाळेत शिकवता येत नाही. आणि कंपनी येते, बोट दाखवते आणि घेऊन जाते. गेल्या वर्षापासून तिघे गेले. रेनान गेला तर पुतुमायोकडे पाठवू कोणाला? मी स्वतः उडवू? माझी कंबर बघा."

"मग पगार वाढवा."

"तो माझ्या हातात नाही. लिमाने परिपत्रक पाठवलंय: 'वैमानिकांचं मनोबल वाढवा.' सोबत दहा बिल्ले आणि एका व्याख्यात्याचा पत्ता."

"व्याख्यान झालं का?"

"झालं. ऐकून त्याच संध्याकाळी एकाने राजीनामा दिला."

मला हसू आवरेना. मग तेही हसले. बडा घर पोकळ वासा, दुसरं काय! छातीवर पंख चमकतात आणि घरी गॅसची टाकी रिकामी.

हसता हसता माझ्या डोक्यात किडा वळवळला. कार्निव्हल तोंडावर आला होता. आमच्या गल्लीची हुमिशा उभी राहायची होती. म्हणजे ताडाचं खोड रोवायचं, त्यावर बादल्या, चादरी, खेळणी, पावाची कडी, काय काय लटकवायचं, मग ढोल-बासरीवर जोड्यांनी भोवती नाचायचं आणि एकेकाने कोयत्याचा घाव घालायचा. ज्याच्या घावाने हुमिशा पडते, त्याने पुढच्या वर्षीची हुमिशा उभी करायची. यात पळवाट नाही. पंधरा वर्षांपूर्वी एका औषधवाल्याने पाडली आणि पुढच्या वर्षी कार्निव्हलपुरता गुपचूप तारापोतोला सटकला. अजून त्याला 'हुमिशाचोर' म्हणतात. त्याच्या मुलालाही म्हणतात, आणि त्या पोराचा तेव्हा जन्मसुद्धा झाला नव्हता.

मी म्हटलं, "कमांडर, रेनान शब्दाचा पक्का आहे. हुमिशा त्याने पाडली, तर वर्षभर तो हलायचा नाही. कंपनी काय वर्षभर थांबत नाही."

कमांडरांचे डोळे चमकले. "पण ती नेमकी त्याच्याच घावाने कशी पडेल?"

"तुमच्याकडे करवत आहे ना? आदल्या दिवशी खोड आतून अर्ध्याच्या वर कापायचं. वरून चिखल आणि रंगीत फिती. त्याची पाळी येईपर्यंत बाकीच्यांना सांगून ठेवायचं, नुसत्या टिचक्या मारा."

"दोन्या," कमांडर तिसरी वाटी पुढे करत म्हणाले, "तुम्ही हवाई दलात असायला हव्या होतात."

मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पोरगी जवळ राहणार, नात जवळ राहणार, आणि ते काडीपैलवान रोज दुपारी माझ्या हातचं खाणार. एवढंच मला हवं होतं. देवाजवळ मी याहून मोठं काही मागितलेलं नाही.

कार्निव्हलच्या आधीच्या गुरुवारी मी बेलेनच्या बाजारात गेले. मासे, केळी, हुमिशाला लटकवायला दोन लाल बादल्या, अशी माझी यात्रा निघाली. रिक्षाला, म्हणजे पुढे मोटरसायकल आणि मागे बाकडं जोडलेल्या गाडीला, हात केला. रिक्षावाल्याच्या डोक्यावर हेल्मेट, काच खाली. उन्हात त्याला गुदमरत कसं नाही, असं मनात आलं, पण आपल्याला काय! म्हटलं, "पुंचाना. आणि हळू चालव, मासे ताजे आहेत, मी ताजी नाही."

तो मान हलवून निघाला. आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, सुरू झाले. रिक्षात बसलं की मला बोलायला लागतंच. इंजिन बोलतं, मग मी का गप्प बसू?

"तुला सासू आहे का रे?"

"हूं."

"तिला जप. माझा जावई बघ, पायलट आहे. सोन्यासारखा पोर, पण अक्कल गहाण. लिमाला निघालाय. पण जाऊ देते होय मी! रविवारी त्याच्याच हातून हुमिशा पाडणार आहोत. खोड कापून ठेवायचं आहे आतून. त्याचा कमांडरच सामील आहे. कोणाला बोलू नकोस हं."

"हूं."

"घरी आला की जेवता जेवता झोपतो. जादा ड्युटी म्हणे. कसली ड्युटी, डोंबलाची! माझ्यासमोर बसायचा कंटाळा, दुसरं काय."

या वेळी 'हूं' आलं नाही. आमच्या कोपऱ्यावर रिक्षा थांबली. मी उतरून बादल्या सावरेपर्यंत तो खाली उतरला, रिक्षाभोवती एक फेरी मारली, तिन्ही चाकं बुटाने दाबली आणि पेट्रोलच्या टाकीवर बोटाच्या पेराने टकटक करून कान लावला.

ही टकटक मी ओळखते. उडण्याआधी रेनान विमानाच्या होड्यांवर अशीच टकटक करायचा. आत पाणी शिरलंय का, ते आवाजावरून कळतं म्हणे. आबी घरात प्रत्येक पातेल्यावर तीच करायची.

"रेनान!"

तो दचकला. मग हळूच हेल्मेट काढलं. केस घामाने चिकटलेले, डोळे लालभडक. भर कोपऱ्यावर मी तोंड उघडं टाकून उभी आणि हातात मासे.

"सासूबाई, हळू. ओळखीचे लोक आहेत."

"कॅप्टनसाहेब, तुम्ही रिक्षा चालवता?"

"मंगळवार, गुरुवार. सोमवार-बुधवार लेफ्टनंट सिफुएन्तेस. बाकीचे दिवस नवा आलाय तो. तिघांत एक घेतलीय. पाळ्या फळ्यावर लिहितो, उड्डाणांसारख्याच." तो हसायला गेला, पण जांभईच आली. "ऑक्टोबरपासून. आबीची शाळा, घर, कान्येतेला माझ्या आईची औषधं. नोरिथला माहीत नाही. सांगू नका."

"आणि उद्या?"

"उद्या पहाटे पुतुमायो."

मी बादली पालथी घालून तिच्यावर बसले. माझा नवरा एवारिस्तो नदीवर होडी चालवायचा. दिवसा लाकडं वाहायचा, संध्याकाळी माणसं. मीच म्हणायचे, आणखी एक खेप कर, छप्पर घालायचंय. एका सकाळी सुकाणूवर त्याचा डोळा लागला, आणि समोरून वाहत आलेला ओंडका त्याने पाहिलाच नाही. त्या दिवसापासून पेंगुळलेल्या माणसाला मी नदीवर पाऊल टाकू देत नाही. आणि हा माझ्या पानावर, माझ्यासमोर, रोज पेंगत होता. मी त्याला सोंग म्हणत होते.

"रेनान, तुला जायचंय ना? खरं सांग."

तो रिक्षाच्या कडेवर टेकला. "जायचं कुठे आहे, सासूबाई? तिथे मी बटणं दाबत लिमाहून आरेकिपाला जाणार आणि परत येणार. इथे खाली उतरताना पोरं काठाकाठाने धावत येतात. गेल्या आठवड्यात एका बाईने मुलाचं नाव रेनान ठेवलं. असे चार रेनान झाले नदीवर. कोण सोडेल हे?" मग थोडा थांबून म्हणाला, "पण घर चालत नाही. इकडे आड, तिकडे विहीर. आता तुम्ही हुमिशाचं ठरवलंच आहे, तर बरंच झालं. पाडतो मी. एक वर्ष आणखी काढतो. निर्णय तरी माझा नाही, असं म्हणता येईल."

"आणि रिक्षा?"

"तीही चालवतो. होईल."

होईल! एवारिस्तोही हेच म्हणायचा. पण आयुष्यात पहिल्यांदाच तोंड आवरलं, आणि तेही नको त्या वेळी. तो निघून गेला. मी मासे घेऊन घरी आले आणि सगळ्यांवर विनाकारण खेकसले.

शुक्रवारी तो परत येईपर्यंत मी काठावर उभी होते. विमान पाण्याला टेकलं, पाणी उडालं, तेव्हा कुठे घरी गेले. शनिवारी तळावर जाऊन कमांडरांना म्हटलं, "तुमचे पायलट रिक्षा चालवतात, ठाऊक आहे?"

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "मला ठाऊक नाही असं समजा, दोन्या. ठाऊक झालं तर शिक्षा करावी लागेल, आणि शिक्षा केली तर उरलेलेही जातील."

"म्हणजे ठाऊक आहे."

"परवा पावसात त्यांच्याच रिक्षाने घरी गेलो," कमांडर हळूच म्हणाले. "मीही ओळख दाखवली नाही, चालवणाऱ्यानेही नाही."

हा माणूसही वाईट नाही. त्याच्या हातात दहा बिल्ले आहेत आणि तो ते वाटतोय.

रविवारी हुमिशा उभी राहिली. अशी नटली होती! लाल बादल्या, चादरी, टॉवेल, बाहुल्या, पावाची कडी. खालच्या फितींच्या आत करवतीचा काप, वरून चिखल लिंपलेला. ढोल सुरू झाला. मसातोची, म्हणजे आमच्या कंदाच्या दारूची, भांडी फिरली. पोरांनी कमांडरांना रंगात आणि चिखलात असं लोळवलं, की त्यांच्या बायकोने जाऊन दुसऱ्याच माणसाचा हात धरला. जोड्या नाचत होत्या, एकेकजण कोयता घेऊन हुमिशाला टिचकी मारत होता. औषधवाल्याचा पोरगा पुढे आला तर सगळे ओरडले, "लांब हो रे हुमिशाचोरा!"

मग रेनान आणि नोरिथची पाळी आली. गल्लीला सगळं माहीत होतं. आमच्याकडे गुपित म्हणजे सगळ्यांना सांगून झालेली गोष्ट. टाळ्या सुरू झाल्या. "कॅप्टन! कॅप्टन!" नोरिथ नाचत होती, हसत होती, पण माझ्याकडे बघून हसत नव्हती. मी तिची आई आहे. ते हसू मला कळतं. तिच्या डोक्यात लिमाचं एक छोटंसं घर होतं आणि संध्याकाळी घरी येऊन झोपणारा नवरा होता, आणि ते घर आता पडणार होतं. माझ्यासाठी ती तेही पडू देत होती.

रेनानने कोयता घेतला. माझ्याकडे बघून डोळा मारला. तो मुद्दाम पाडणार होता, आनंदाने, माझ्यासाठी. आणि मग मंगळवारी रिक्षा, बुधवारी पुतुमायो.

त्याने हात वर उचलला. एक घाव, आणि सगळे माझ्यापाशी राहणार होते. मी मागितलेलं सगळं त्या एका घावात होतं.

मला काय झालं कोण जाणे. मी घागरा वर खोचला, ढोलवाल्याला ढकललं आणि मध्ये घुसले. "आण इकडे तो कोयता!"

"सासूबाई, पाळी माझी आहे!"

"पाळी गेली खड्ड्यात!" मी त्याच्या हातातून कोयता हिसकावला आणि दोन्ही हातांनी असा घाव घातला, की खोड कडाडलं, झुकलं, आणि बादल्या, बाहुल्या, चादरी घेऊन हुमिशा सरळ कमांडरांच्या पुढ्यात आडवी झाली.

एक क्षण कोणाला कळेना. मग पोरं तुटून पडली.

मी धापा टाकत म्हटलं, "ऐका सगळे! पुढच्या वर्षीची हुमिशा माझी. माझी, माझ्या जावयाची नाही. तो लिमाला जाणार आहे. आणि कोणी त्याला हुमिशाचोर म्हटलं, तर हा कोयता माझ्याकडेच आहे."

रेनान रंगाने माखलेला, तसाच उभा. "सासूबाई, हे काय केलंत? मी थांबत होतो ना."

"ते कळलं मला. म्हणूनच केलं. जा रे बाळा. तिकडे रात्री झोप. पोटभर झोप."

त्याने मला मिठी मारली आणि ढसाढसा रडला. रंग सगळा माझ्या ब्लाउजवर उतरला, अजून गेला नाही. नोरिथ दोघांच्या मधे घुसली. मीही रडले. कार्निव्हलमध्ये तोंड ओलंच असतं, कोणाला काय कळतंय!

तेवढ्यात कमांडर चिखल पुसत आले. चेहरा असा, की मला दयाच आली. "दोन्या, दगा दिलात. माझा पायलट घालवलात."

"तुमचा पायलट गेला, कमांडर," मी म्हटलं. "माझा जावई राहिला."

एवारिस्तोचं त्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी खिशातून एक बिल्ला काढला, चिखलाच्या बोटांनी माझ्या ब्लाउजला लावला आणि मसातो घ्यायला गेले.

मार्चमध्ये तिघं गेली. घर खायला उठतं, खोटं कशाला बोलू. पातेल्यांवर टकटक करणारं कोणी नाही. पुतुमायोकडे आता सिफुएन्तेस जातो, पण पंधरवड्यातून एकदाच. त्याला मी सांगून ठेवलंय, उडायच्या आदल्या दिवशी रिक्षा मला दिसली तर टायर फोडीन. फोडलाही एकदा. त्या दिवशी तो माझ्याकडेच जेवला आणि माझ्याच झोपाळ्यात झोपला.

ताड मी आत्ताच बघून ठेवलाय, सरळ आणि उंच. आबीला लिमातून फोनवर दाखवला, तर तिने विचारलं, "आजी, तो पोकळ आहे का? टकटक करून बघ." मी केली. बरा वाजला.

फोन रविवारी येतो. रेनान बोलायला लागला की मी आधी त्याला थांबवते. विमानाचं नंतर, पगाराचं नंतर, लिमाच्या धुक्याचं तर नकोच.

"झोप झाली का रे?"

"झाली, सासूबाई."

"मग बोल."